हेल्मेटवरचा नंबर

शाईवाल्यांनी ज्या मालिकेच्या चित्रकथा पंधरा वर्षं काढल्या, ती मालिका त्यांनी स्वतः कधी धड पाहिली नव्हती. मालिका अंतराळयानाची होती. घरची वाट चुकलेलं एक यान, त्यात सात माणसं, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. महिन्याचा शेवटचा भाग टीव्हीवर लागायचा त्याच दिवशी त्याचा अंक दुकानात लटकलेला हवा, असा करार होता. म्हणजे शाईवाल्यांना दोन महिने आधी काढायला बसावं लागे, आणि दोन महिने आधी मालिकावाल्यांकडेच काही तयार नसे. यायची ती टाइप केलेली संहिता, तीही मधली पानं गाळून, आणि चार-दोन फोटो. संहितेत लिहिलेलं असे, 'एक भयंकर प्राणी आत येतो.' पुढे काही नाही. शाईवाले आपल्या मनाने आठ पायांचा, पाठीवर डोळे असलेला, दारात न मावणारा प्राणी काढून मोकळे होत. टीव्हीवर त्या जागी रबरी पोशाखातला एक माणूस यायचा, तोही अडखळत. मग वाचकांची पत्रं येत, की टीव्हीवाल्यांनी प्राणी चुकीचा दाखवला.

शाईवाल्यांना नाव होतं, पण ते अंकावर कधी छापलं गेलं नाही, आणि जे छापलं जात नाही ते ऑफिसात कोण लक्षात ठेवतो. बोटांची टोकं कायमची काळी, म्हणून शाईवाले. काम घरूनच चालायचं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं तिरकं टेबल, मागच्या खोलीत ओट्याला लागून बायकोचं. कारण संवादांच्या फुग्यांतली अक्षरं बायको लिहायची. पेन्सिलने काढलेली पानं आधी तिच्याकडे जात, ती फुगे आखून अक्षरं भरी, मग पानं शाईसाठी नवऱ्याकडे परत येत. अक्षर असं, की छापखान्याने लाजावं. कप्तान, डॉक्टर, परग्रहावरचे राजे, सगळे तिच्याच वळणात भांडायचे. छापून आलेला अंक मात्र ती उघडत नसे. "एकदा लिहिलं ते लिहिलं, परत काय वाचायचं," म्हणायची आणि गठ्ठा बांधून माळ्यावर टाकायची.

चेहऱ्यांची गंमत वेगळी होती. नटमंडळी आपल्या थोबाडाला भारी जपणारी. त्यांनी करारात लिहून घेतलं होतं, की प्रत्येकाचे बारा फोटो दिले जातील, त्यांवर शिक्का असेल, आणि चित्रात त्या बारांपैकीच चेहरा येईल. कप्तानाला हसायला दोन चेहरे होते, घाबरायला एक. डॉक्टरला रडायला एकही नव्हता, त्यामुळे त्याची आख्खी प्रयोगशाळा जळाली तेव्हाही तो किंचित खुशीत दिसला. शाईवाले फोटोवर पारदर्शक कागद ठेवून चेहरा उतरवून घेत. वर्षानुवर्षं हेच केल्यावर हाताला अशी सवय लागली, की समोर फोटो नसला तर चेहरा उमटेचना. त्यांना याचं कधी वाईट वाटलं नाही. फोटो असायचेच.

मालिका सुरू झाली तेव्हा त्यांची मुलगी पंधरा वर्षांची होती. मालिका ती वरच्या मजल्यावर जाऊन बघायची आणि खाली आली की बापाची खरडपट्टी काढायची. एकदा फोटोच उलटे छापून आले होते. शाईवाल्यांना पत्ता नाही, दोन अंक कप्तानाच्या गालावरचा व्रण उजवीकडे.

"बाबा, व्रण डाव्या गालावर आहे. तुम्ही त्याला आरशात बघितलंय."

"संपादकांना कळलं नाही, तुला बरं कळलं."

"संपादक वाचतात कुठे? ते फक्त पानं मोजतात."

तिची लाडकी म्हणजे यान चालवणारी वैमानिक बाई. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्या नटीने भांडून मालिका सोडली, आणि वकिलाचं पत्र आलं, की यापुढे चित्रातही तिचा चेहरा दिसता कामा नये. मालिकेत तिला सरळ मारून टाकलं. चित्रकथेत पुढच्या तीन अंकांची गोष्ट तिच्यावरच बेतलेली. संपादकांनी डोक्याला हात लावला. शाईवाल्यांनी तोडगा काढला: वैमानिक बाई जिवंत, फक्त तिने हेल्मेट घातलंय, आणि समोरची काच काळी आहे. ती जेवतानाही हेल्मेट काढत नाही हे कोणाला खटकलं नाही. मुलीला खटकलं. ती दोन दिवस बापाशी बोलली नाही, मग म्हणाली, "निदान मारलं तरी नाही तुम्ही तिला."

मालिका तिसऱ्या वर्षी बंद पडली. यान घरी पोचलंच नाही. अंक मात्र खपत होता, म्हणून तो चालू राहिला. यान घरी पोचलं की अंक संपणार, तेव्हा ते पोचू द्यायचं नाही, अशी संपादकांची स्पष्ट सूचना होती.

मुलगी गेली ती पुढच्या वर्षी. एकोणीस वर्षांची होती. तिला लग्न करायचं होतं, आणि ज्याच्याशी करायचं होतं तो चाळिशीला टेकलेला, एका बायकोला सोडून बसलेला. शाईवाल्यांची बायको त्या दुपारी पानं पोचवायला ऑफिसात गेली होती. मुलगी टेबलाशी उभी राहून बोलत होती आणि शाईवाले कप्तानाच्या बाहीची लांब रेघ ओढत होते. अशी रेघ मधे थांबवता येत नाही, थांबवली की गाठ पडते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जायचं तर जा. पण मग या घराचा उंबरा परत चढू नकोस." ती जरा वेळ तशीच उभी राहिली. ते मान वर करतील म्हणून थांबली असणार. त्यांनी रेघ पुरी केली, निब पुसली, आणि वर बघितलं तर दार उघडं होतं.

बायकोला त्यांनी सांगितलं, रागावून गेली, येईल. उंबऱ्याचं बोलले नाहीत. ते आजवर बोललेले नाहीत.

ती आली नाही. तो माणूसही गावातून नोकरी सोडून गेला होता. चौकीत सांगितलं, मुलगी सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेली आहे, आम्ही काय करणार. दोघांनी ओळखीपाळखीत विचारून झालं, हात हलवत परत आले. वर्षभरात मालकाने इमारत विकली आणि यांना घर सोडावं लागलं. आता बायकोने हाय खाल्ली. मुलगी परत आली तर येणार कुठे?

नव्या घरी फोन घेतला. सहा आकडी नंबर: ४७०२९१. बायकोने तो एका चिठ्ठीवर सुरेख लिहून फोनच्या डबड्यावर चिकटवला, आणि ती चिठ्ठी बघता बघता शाईवाल्यांना सुचलं. मुलगी कुठेही असो, अंक वाचल्याशिवाय राहणार नाही. वैमानिक बाईवरून तर तिची नजर हटणार नाही. पुढच्या अंकापासून हेल्मेटच्या बाजूला आकडे आले: ४७०२९१. त्याच अंकात यानातल्या टेबलावर एक कान तुटलेला कप आला. तो त्यांच्या घरातला होता, मुलीच्याच हातून तुटलेला. म्हणजे नंबर कोणाचा हे तिला कळावं.

"हा नंबर कसला?" संपादकांनी विचारलं.

"वैमानिकाचा क्रमांक. वैमानिकांना असतो."

"असतो का? बरं."

तेव्हापासून दोघांची फोनची पाळी सुरू झाली. घर कधी रिकामं ठेवायचं नाही. एक बाहेर गेला की दुसरा घरात. दहा वर्षांत ती दोघं मिळून कोणाच्या लग्नाला गेली नाहीत, कोणाला शेवटचं पोचवायला गेली नाहीत. बायकोच्या सख्ख्या भावाच्या वेळीही ती एकटीच जाऊन आली. स्वतः फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या दुकानातून करायचे, घरचा अडकायला नको. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत, म्हणाली बायको.

आता यात शंकासुराची भर. हा एक वाचक. ऑफिसने त्याला ठेवलेलं हे नाव, कारण दर महिन्याला त्याचं शंकांनी भरलेलं पत्र यायचंच. पान नऊवर यानाला पाच खिडक्या आणि पान चौदावर सहा, हे कसं? डॉक्टरांच्या बुटाला मागच्या अंकात नाडी होती, ती कुठे गेली? एका अंकात शाईवाल्यांच्या हातून हेल्मेटवर दोनाच्या जागी सात पडला, तर या गृहस्थाने दीड पान लिहिलं. संपादक वैतागले. म्हणाले, "शाईवाले, हा नंबर एकदाचा पक्का करा. परत बदललेला दिसला तर मी तो काढूनच टाकीन." शाईवाले तडक घरी आले. त्यांनी बसून हेल्मेट सहा बाजूंनी काढलं, नंबरासकट, अगदी डोळ्यांत तेल घालून. मशीनवर लहानमोठ्या शेकडो प्रती करून घेतल्या आणि खोक्यात भरून ठेवल्या. पुढे हेल्मेट काढायचं कामच उरलं नाही. हवं ते निवडायचं, कापायचं, गोंद लावून पानावर बसवायचं. चूक व्हायचा प्रश्नच मिटला.

वर्षं गेली. फोन वाजायचा, तो कोणातरी मावशीचा, ऑफिसचा, चुकून लागलेला. दर वेळी बायको हातातलं टाकून धावायची आणि "हॅलो" म्हणताना तिचा आवाज अर्धा सूर वर चढलेला असायचा. समोरचा बोलला की तो खाली यायचा. शाईवाल्यांना ते दोन सूर पाठ झाले होते.

मग यंदा अंक बंद करायचं ठरलं. खप नाही, नवी पोरं असलं वाचत नाहीत. संपादकांनी बोलावून घेतलं. "एक शेवटचा अंक काढू. यान घरी न्या हवं तर. आता कोण अडवतंय."

शाईवाल्यांना नोकरीची फिकीर नव्हती, हात तसेही थकले होते. पण मुलीला हाक मारायला त्यांच्याकडे महिन्याच्या त्या चोवीस पानांखेरीज दुसरं काहीच नव्हतं. आता एकच हाक उरली होती.

बायको म्हणाली, "तिचं हेल्मेट काढा या वेळी. आपल्या पोरीचा चेहरा द्या. वकील काय करतील ते करोत."

ते बसले. मुलीचा कॉलेजचा एक फोटो होता, अठराव्या वर्षाचा. आता ती तिशीत असणार. गाल भरले असतील का उतरले असतील? केस लांब ठेवले असतील? चार दिवस ते कागद फाडत होते. फोटोवरून उतरवलं की अठरा वर्षांची पोर यायची, आणि फोटो बाजूला ठेवला की कोणीतरी परकीच बाई. पाचव्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं, "मला येत नाही." तिने फोटो परत पेटीत ठेवला.

हेल्मेट राहिलं. शेवटच्या पानावर यान घरच्या आकाशात शिरतं, आणि वैमानिक बाईला खालून संदेश येतो. तो संदेश बायकोने स्वतःच्या मनाने लिहिला: 'तुझी जागा तशीच ठेवली आहे. नंबर तुझ्याकडे आहे. बोल.' फुग्यातली ती अक्षरं तिने तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिली. संपादकांनी पानं मोजली आणि अंक छापला.

त्यानंतर बायकोने बाहेर पडणंच सोडलं. खुर्ची फोनजवळ ओढून बसायची. शाईवाले अंक बाजारात आल्याचे दिवस मोजत होते. नवव्या दिवशी टपालातून ऑफिसने पुढे पाठवलेलं एक पाकीट आलं. अक्षर ओळखीचं, शंकासुराचं.

पत्र या वेळी मऊ होतं. पंधरा वर्षं आपण त्रास दिला, माफी असावी. आता विचारायला कोणी उरणार नाही याचं वाईट वाटतं. मग शेवटी एक ओळ: 'शेवटच्या पानावरचं "नंबर तुझ्याकडे आहे" वाचून गंमत म्हणून हेल्मेटवरचा नंबर फिरवून बघितला. एका शिंप्याच्या दुकानात लागला. माणूस भला आहे. आपण मुद्दाम त्यांचा नंबर घेतला होता का, ही माझी शेवटची शंका.' खाली दुकानाचा पत्ता.

शाईवाल्यांनी पत्रावरून मान वर केली आणि फोनकडे बघितलं. डबड्यावर बायकोच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी होती: ६३०२९१.

सहा वर्षांपूर्वी टेलिफोन खात्याने त्यांच्या भागातल्या सगळ्या नंबरांचे पहिले दोन आकडे बदलले होते. बायकोने त्याच दिवशी नवी चिठ्ठी लिहून जुनीवर चिकटवली होती. त्यांनी डॉक्टरला कळवलं, ऑफिसला कळवलं, झाडून सगळ्या नातेवाइकांना कार्डं टाकली. आणि खोक्यातली हेल्मेटं कापून कापून पानांवर चिकटवत राहिले. सहा वर्षांत एकदाही त्या आकड्यांकडे त्यांनी आकडे म्हणून बघितलं नाही. बायकोचं काम हेल्मेट चिकटायच्या आधी संपायचं, आणि छापलेला अंक ती उघडत नव्हती.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"नेहमीचं. खिडक्या." त्यांनी पत्र खिशात घातलं. "जरा पँट आखूड करून आणतो."

"आत्ता?"

"पायात येते."

शिंप्याचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वस्तीत होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट, आणि टेबलाच्या कडेला कापडाच्या चिंध्यांत फोन. शिंप्याने पँट घेतली, त्यांना उभं केलं, खडूने खूण केली.

"तुमच्याकडे चुकून लागलेले फोन येतात का हो?" शाईवाल्यांनी विचारलं.

"येतात की. नंबर आधी दुसऱ्या कोणाचा होता ना. आणि पोरं फोन करतात. यान कुठवर आलं, विचारतात. मी सांगतो, शनिवारी मिळेल." शिंपी हसला. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बेतानेच हसला.

"कोणी बाई?"

शिंप्याने टाचण्या काढून उशीला टोचल्या. "होती एक. दुकान नवीन होतं तेव्हा, झाली पाच वर्षं. पहिल्यांदा नुसतीच गप्प. दुसऱ्यांदा म्हणाली, आई आहे का? मी म्हटलं, बाई, हे शिंप्याचं दुकान आहे, इथे कोणाची आई नाही. माझा कारागीर मागे हसला जोरात. तिला ऐकू गेलं असणार. तिसऱ्यांदा विचारलं, आधी इथे होते ते लोक कुठे गेले? मला काय माहीत? म्हणाली, हाच नंबर महिन्याच्या महिन्याला छापतात, आणि लावला की दुसराच उचलतो. म्हणजे मुद्दामच केलंय. बाबांनी सांगितलंच होतं. असं म्हणून ठेवला. मला काही कळलं नाही, म्हणून तर लक्षात राहिलं. मागे लहान पोर रडत होतं तिच्याकडे."

"नंतर?"

"नंतर नाही. तुमच्या ओळखीची का?"

शाईवाल्यांना बसावंसं वाटलं, पण स्टूल मशीनपाशी एकच होतं. त्यांनी आपला नंबर सांगितला आणि म्हणाले, परत आलाच फोन तर हा द्या. शिंप्याने खडू घेऊन तो टेबलावरच लिहिला. "तिथे पुसला जाईल हो," शाईवाले म्हणाले. तेव्हा त्याने भल्या माणसासारखा एक कागद शोधला, नंबर लिहून घेतला आणि मापांच्या वहीत घातला. ती वही जाडजूड होती, आणि तिच्यात असे पुष्कळ कागद होते.

चालत ते घरी आले. वाटेत एका दुकानात शेवटचा अंक अजून लटकत होता. मुलगी वाचत होती हे आता त्यांना नक्की कळलं होतं. इतकी वर्षं तेवढंच कळावं म्हणून त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. आणि पाच वर्षं दर महिन्याला तो नंबर चिकटवून आपण तिला काय सांगत होतो, हेही कळलं. आता दुरुस्ती छापायला अंक नव्हता. रस्त्यात त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण घरी येऊ देता येणार नव्हतं.

बायको खुर्चीतच होती.

"झाली का पँट?"

"शनिवारी."

"आज नऊ दिवस झाले अंकाला," ती म्हणाली. "लांब राहत असेल तर अंक पोचायलाच आठवडा लागतो. या आठवड्यात येईल बघा. मला वाटतंच आहे." ती उठली, पिशवी घेतली. "आज मीच जाते भाजी आणायला. पाय अवघडलेत. तुम्ही बसा इथे. आणि खिडकीशी जाऊन काढत बसू नका, तिकडे ऐकू येत नाही तुम्हाला."

"नाही काढत."

"वाजला की लगेच उचला. तुमचा आवाज ऐकून ठेवून देईल ती, तर आधी म्हणा, आई आत्ता येते."

"म्हणतो."

ती चपला घालून खाली उतरली. शाईवाले फोनजवळच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून गरम होती. ती परत येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.